हात पोहोचतो, म्हणून कापायचे? फांदी, करवत आणि छत्रपती संभाजीनगरच्या बागा

१/ छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळ हिमायतबाग आहे. सुमारे ३०० एकरांची ही मोगलकालीन बाग. आज तेथे कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. तेथील जुन्या आंब्यांखाली उभे राहिले की साधा प्रश्न पडतो : इतक्या उंचीवरची वाळलेली फांदी माणूस उतरवत कसा असेल? आणि ती उतरवायची की नाही, हे कोण ठरवत असेल? या दोन प्रश्नांचा हा धागा.

२/ पहिल्या प्रश्नाचे जुने उत्तर मराठवाड्याच्या शिवारात आजही दिसते : आकडी. लांब वेळूच्या टोकाला बांधलेला विळा. शेळ्या-मेंढ्यांसाठी बाभळीचा पाला पाडायचा, तर धनगर झाडावर चढत नाही. आकडी अडकवतो आणि खाली ओढतो. जाड फांदीपुढे मात्र आकडी हरते. तिच्यासाठी कोयता किंवा कुऱ्हाड घेऊन वर चढावे लागे, आणि त्या चढण्यात माणसाचा जीव टांगणीला लागे.

३/ कापल्यावर झाडाचे काय होते, हा विचारही जुना आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त ‘वृक्षायुर्वेद’ हा स्वतंत्र अध्याय आहे. रोगट भाग आधी शस्त्राने साफ करावा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा, असा उपचार त्यात सांगितला आहे. झाडालाही जखम होते आणि तिची काळजी माणसाने घ्यायची असते, ही जाणीव त्यामागे आहे.

४/ आता या शहराकडे. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकीला राजधानीचे रूप दिले आणि नहरींनी पाणी खेळवले. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आला. पुढे दिलरास बानू बेगमेचा मकबरा उभा राहिला, तो चारबागेच्या मधोमध. चारबागेत झाड हा वास्तूचाच भाग असतो : सरळ पाट, सरळ वाट आणि त्यांना धरून झाडांची रांग. एक फांदी बेताल वाढली तरी ती रेषा मोडते. अशा बागेत छाटणी हे रोजचे काम असते.

५/ दुसऱ्या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर मात्र मराठी राज्यात मिळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडाविषयीचा प्रसिद्ध भाग आहे. आंबा, फणस ही झाडेही उपयोगाची. पण ती वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये, असा त्याचा आशय. झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तरच धन्याला राजी करून, मोबदला देऊन ते तोडावे; बळजबरी नको.

६/ हा मजकूर समाजमाध्यमांवर ‘शिवाजी महाराजांचे पत्र’ म्हणून फिरतो. प्रत्यक्षात ‘आज्ञापत्र’ १७१५-१६ च्या सुमाराचे, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी लिहिलेले. मात्र त्याचा कर्ता महाराजांच्या कारभारात घडलेला माणूस होता. श्रेय अचूक दिले म्हणून त्या विचाराचे मोल कमी होत नाही.

७/ साधनाची पुढची पायरी युरोपात पडली. १८१५ च्या सुमारास फ्रान्समध्ये बर्त्रां द मोलव्हिल याने एका हाताने चालणारी छाटणीची कात्री, म्हणजे सेकेटर, तयार केली. त्याच शतकातल्या इंग्रजी बागकामात लांब दांड्याच्या टोकाला बसवलेले, खालून दोरी ओढली की मिटणारे पातेही वापरात होते. जाड फांदीसाठी त्याच दांड्यावर करवत बसते : आजचा ‘पोल सॉ’.

८/ या करवतीचे मर्म तिच्या दात्यांत आहे. सुताराची करवत बहुधा ढकलताना कापते. तीच रीत लांब दांड्याला लावली, तर दांडा वाकतो आणि पाते अडकते. म्हणून पोल सॉ ओढताना कापते, आकडीसारखीच. दांडा लागेल तेवढाच लांब घ्यावा, कारण लांबीबरोबर डुलणेही वाढते. धातूच्या दांड्यातून वीज वाहते. तारांजवळची फांदी वीज कंपनीवरच सोपवावी. फांदीच्या बरोबर खाली कधीही उभे राहू नये.

९/ कुंपणाला ही करवत नको. मेंदी, कोयनेल किंवा दुरांटा यांना कातरच हवी. कुंपण पायाशी रुंद आणि माथ्याशी किंचित अरुंद ठेवावे. तरच खालच्या पानांना ऊन मिळते आणि बुंधा उघडा पडत नाही.

१०/ जाड फांदी मात्र तीन कापांत उतरवतात. पहिला काप खोडापासून थोडा दूर, खालच्या बाजूने आणि अर्धवट. दुसरा त्याच्या किंचित पुढे, वरून. फांदी पडते, पण खोडाची साल सोलली जात नाही. तिसऱ्याने उरलेला खुंट काढायचा, तोही फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून.

११/ त्या कड्याचे महत्त्व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी वनखात्यातील अ‍ॅलेक्स शायगो यांनी ठळक केले. हजारो झाडे उभी चिरून त्यांनी दाखवले की झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंत घालून ती आत कोंडते. कडे कापले, तर ती भिंत कमकुवत होते आणि कूज खोडात शिरते. लेपाने ही कूज थांबत नाही, असाही त्यांचा निष्कर्ष होता. वराहमिहिराचा लेप मागे पडला; जखमेची चिंता मात्र तीच राहिली.

१२/ कायद्यानेही तीच चिंता उचलली. महाराष्ट्राच्या नागरी भागांसाठी १९७५ मध्ये झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम आला. त्यात ‘झाड तोडणे’ याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ मानले.

१३/ आकडीपासून पोल सॉपर्यंत माणसाचा हात लांबत गेला. वर चढणाऱ्याचा जीव वाचला, हा त्यातला मोठा लाभ. पण पूर्वी झाडावर चढण्याची भीतीच कितीतरी फांद्या वाचवत असे. आता जमिनीवरून, क्षणात, कोणीही कापू शकतो. म्हणून ‘आज्ञापत्रा’तला प्रश्न आज अधिक निकडीचा आहे : हे झाड वाढायला किती वर्षे लागली, आणि ते वाढवले कोणी? त्याचे उत्तर मिळाल्यावरच करवत उचलावी.