शाळा दोतोर्नीची, विद्या सुरांची

गोव्यातल्या जुन्या पारोकियल शाळांवर, म्हणजे चर्चच्या आवारात भरणाऱ्या गावशाळांवर, आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक दोन ठरलेल्या बाजूंनी. चर्चच्या अभिमानी लेखकांना या शाळांत पोर्तुगीज राजवटीने गावोगावी नेलेली विद्या दिसते. वसाहतवादाच्या टीकाकारांना धर्मांतरितांची मुले आपल्या भाषेपासून तोडणारे यंत्र दिसते. पुरावा दोघांकडेही आहे. पण दोघेही शाळा कोणी काढली आणि कशासाठी काढली, एवढ्यावरच निकाल देतात. शाळेचा उद्देश फर्मानात सापडतो. शाळेने प्रत्यक्ष काय शिकवले हे मात्र मुले रोज तास-दोन तास काय करत होती यावरून ठरते. या कसोटीने पाहिले, तर या शाळांचा सर्वांत टिकाऊ वारसा दोतोर्नीत, म्हणजे धर्मशिक्षणात नाही आणि पोर्तुगीज भाषेतही नाही. तो आहे कागदावर लिहिलेले संगीत वाचण्याच्या कसबात. ज्यांनी या शाळा काढल्या त्यांच्या लेखी हे कसब उपासनेचे एक साधन होते, त्यापलीकडे काही नाही.

सुरुवात कठोर होती, आणि ती तशीच सांगितली पाहिजे. 1540 मध्ये तिसवाडी बेटावरची देवळे पाडली गेली. पुढच्याच वर्षी देवळांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या धर्माच्या संस्थांकडे वळवण्यात आले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत पुढे सेंट पॉल कॉलेज वाढले. फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरला. हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून मुलांना गोळा करावे आणि प्रार्थना म्हणवून घ्याव्यात, हा त्याचा क्रम प्रसिद्ध आहे. त्याच वर्षीच्या पत्रात त्याने अशा वेळी 300 हून अधिक मुले जमत असल्याचे लिहिले आहे. पुढे जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीतल्या गावोगावी चर्च झाले, आणि चर्चला लागून शाळा आली. तिचा भार बऱ्याच अंशी गावकरीने, म्हणजे कोमुनिदादीने, आणि चर्चच्या कोंफ्रारियांनी, म्हणजे भाविकांच्या मंडळांनी, वाहिला. देवळाचा उत्सव, वाजंत्री, पुजारी यांचा खर्च सामायिक जमिनीतून भागवण्याची गावाची रीत जुनीच होती. पैसा त्याच शेतांचा राहिला, फक्त घेणारा हात बदलला.

वर्गातली पद्धतही वाटते तितकी परकी नव्हती. दोतोर्न शिकायची म्हणजे प्रश्न आणि उत्तर दोन्ही सुरात घोकायची. मोठ्याने एकाने म्हणायचे, बाकीच्यांनी मागून म्हणायचे, आणि घरी जाऊन तेच आईबापांना ऐकवायचे. या कामासाठी पुस्तकेही झाली. सेंट पॉल कॉलेजात 1556 मध्ये छापखाना आला आणि दुसऱ्याच वर्षी झेवियरची दोतोर्न छापली गेली. फादर थॉमस स्टीफन्सने स्थानिक भाषेत लिहिलेली प्रश्नोत्तररूप दोतोर्न 1622 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, रायतूर येथे छापून निघाली. त्याच स्टीफन्सचे मराठी क्रिस्तपुराण 1616 चे. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मोठ्याने वाचण्यासाठी आणि ऐकण्यासाठीच रचलेला आहे. 1623 मध्ये इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले गोव्याहून निघून इक्केरीला गेला, तेव्हा एका देवळाच्या ओसरीवर त्याने काही मुलांना अंकगणित शिकताना पाहिले. मुले धडा सुरात म्हणत होती आणि म्हणता म्हणता जमिनीवर पसरलेल्या बारीक वाळूत बोटाने लिहीत होती. कोकण आणि कानडी मुलखातल्या मुलांना गाऊन शिकणे पाद्र्यांनी शिकवलेले नाही. ते इथे होतेच. पंतोजीच्या पाढ्यांच्या घोषात वाढलेल्या समाजाला दोतोर्नीचा घोष नवा वाटायचे कारण नव्हते. आशय नवा होता, रीत ओळखीची होती.

नवे होते ते पाच रेघांवर लिहिलेले सूर. लॅटिन मीस, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, गायची तर गाणारे हवेत; फेस्ताच्या आधीचे नोव्हेन, चाळिशीच्या उपासातले मोतेत, क्रुसापुढची लदीन, मयताची मिरवणूक या सगळ्यांना गायक आणि रेबेक, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारे हवेत. युरोपातून इतकी माणसे आणणे शक्य नव्हते. म्हणून गावातल्या मुलांनाच तयार करणे भाग पडले आणि गायनवृंद सांभाळणारा मेस्त्रे हाच शाळेचा शिक्षकही झाला. शिक्षणाचा क्रम शिस्तीचा होता. आधी सोल्फा: दो, रे, मी ही नावे उच्चारत, हाताने ताल देत, समोरच्या खुणांवरून सूर काढायचा. तो पक्का झाल्यावरच हातात रेबेक. आपल्याकडच्या वंशपरंपरागत वादकाची तालीम कानाने होते. गुरूने वाजवले की शिष्याने उचलायचे. इथे उलटे होते. मुलाने पूर्वी कधीही न ऐकलेला तुकडा कागद पाहून वाजवावा अशी अपेक्षा होती, आणि शेजारच्या मुलाने त्याच वेळी वेगळा सूर धरला तरी त्याने आपली ओळ सोडायची नव्हती. हे साक्षरतेचेच एक रूप आहे. शिवाय तिची परीक्षा दर रविवारी सगळ्या गावासमोर होई. वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनिसाला चकवता येते, रविवारच्या मिसेला नाही.

इथे पहिला आणि सर्वांत जड आक्षेप येतो. ज्या व्यवस्थेने भाषा चिरडली तिच्या सुरांचे कौतुक कशाला? आक्षेपामागची वस्तुस्थिती खरी आहे. 27 जून 1684 च्या फर्मानाने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागावे, असे लोकांना बजावले, आणि पाद्री व शाळामास्तर यांनी याच भाषेत शिकवावे असे सांगितले. एकोणिसाव्या शतकातही शाळेत मुलांनी कोंकणी बोलू नये अशा आज्ञा निघत राहिल्या. पण आज्ञा पुन्हा पुन्हा काढावी लागते याचाच अर्थ ती पाळली जात नव्हती. बहुसंख्य गावकऱ्यांची भाषा पोर्तुगीज कधीच झाली नाही. 1858 मध्ये कुन्य रिव्हारा या पोर्तुगीज अधिकाऱ्यालाच कोंकणीचा ऐतिहासिक निबंध लिहून तिची बाजू मांडावीशी वाटली. आणि लॅटिन-पोर्तुगीजसाठी शिकवलेली रोमन लिपी मुलांनी वेगळ्याच कामाला लावली. कोंकणीतले पहिले नियतकालिक, उदेंतेचें साळ्ळोक, 1889 मध्ये पुण्यात निघाले. पहिला तियात्र, म्हणजे कोंकणी गाण्यांचे नाटक, 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. दोन्ही परमुलखात, दोन्ही रोमी लिपीच्या वाचकांच्या आणि लेखकांच्या बळावर. यामुळे फर्मानाचे पाप कमी होत नाही. भाषेचा दोन शतकांचा साहित्यव्यवहार खुंटला तो खुंटलाच. पण जे घडवायचे ते शाळेला घडवता आले नाही आणि जे घडले ते कोणी योजले नव्हते, एवढे मात्र यातून दिसते.

दुसरा आक्षेप आक्षेपासारखा दिसत नाही, कारण तो स्तुतीच्या रूपात येतो: गोवेकराच्या रक्तातच संगीत आहे. रक्ताची गोष्ट मान्य केली की शाळेचे श्रेय आपोआप पुसले जाते. पण पुरावा रक्ताच्या विरुद्ध आहे. एकाच गावातली, एकाच चर्चमध्ये सोल्फा शिकलेली मुले पुढे दोन वाटांनी गेली. भाटकारांच्या, जमीनवाल्यांच्या घरातली मुले रायतूरच्या सेमिनारीत, 1842 मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेत, किंवा 1854 च्या लिसेवमध्ये, म्हणजे सरकारी माध्यमिक शाळेत, गेली आणि पाद्री, डॉक्टर, वकील झाली. त्यांच्या घरी संगीत शौक म्हणून उरले. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांनी रेबेक आणि कर्णा उपजीविकेसाठी उचलला. संगीत रक्तात असते तर त्याने जमिनीची मालकी पाहून घरे निवडली नसती. मुलींचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. रक्त त्यांचेही तेच होते, पण चर्चच्या गायनवृंदाची तालीम मुलग्यांसाठी होती. दोतोर्न मुलींना मिळाली, रेबेक मिळाले नाही; श्रीमंत घरातल्या मुलीसाठी पियानो असे, तो घरातल्या दिवाणखान्यापुरता. म्हणून व्यावसायिक वादकांच्या पिढ्या जवळजवळ सगळ्या पुरुषांच्या झाल्या.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश हिंदुस्थानाचा बाजार उघडला तेव्हा या कसबाची किंमत कळली. पलटणींचे बँड, संस्थानिकांचे बँड, पोलीस बँड, हॉटेलांतले वाद्यवृंद, मूकपटांच्या पडद्याखाली बसणारे वादक: सगळीकडे समोर ठेवलेला कागद पाहून लगेच वाजवणारी माणसे हवी होती. अशी माणसे मोठ्या संख्येने आणि परवडणाऱ्या पगारात फार थोड्या समाजांकडे होती. गोवेकर आपापल्या गावाच्या कुडीत, मुंबईतल्या त्या सामायिक खोल्यांत, उतरले आणि कामाला लागले. बोलपट आल्यावर मागणी बदलली, थांबली नाही. हिंदी चित्रपटाचा संगीतकार पेटीवर चाल बांधी. ती चाल डझनावारी व्हायोलिनांना एका वेळी वाजवता यावी म्हणून प्रत्येकाची ओळ लिहून देणारा अरेंजर लागे. शंकर-जयकिशनसाठी सेबॅस्टियन डिसोझा यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. माजोर्ड्यात 1927 मध्ये जन्मलेले अँथनी गोन्साल्विस गावच्या चर्चच्या गायनवृंदप्रमुखाचे पुत्र. मुंबईत त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या संगीतकार प्यारेलाल यांनी 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात गुरूचे नाव गुंफून त्यांना वंदन केले. रविवारच्या मिसेसाठी केलेली तयारी अशा रीतीने हिंदुस्थानभर ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पाठीशी उभी राहिली.

कोणी म्हणेल, चार-दोन नामवंतांवरून शाळेची परीक्षा करू नये. बरोबर आहे, आणि म्हणूनच नामवंत बाजूला ठेवून पाहावे. ज्यांची नावे कोणत्याही श्रेयनामावलीत आली नाहीत असे व्हायोलिनवादकांच्या मागच्या रांगेतले लोक, लग्नाच्या बँडमधले, आगबोटींवरचे, दूरच्या छावण्यांतले वादक हा या युक्तिवादाचा खरा आधार आहे. सरासरी मुलाला पोटापुरते कसब देणे हे प्राथमिक शाळेचे काम असते. अलौकिक प्रतिभा निर्माण करणे नव्हे. या कामात मेस्त्रेची शाळा यशस्वी ठरली, कारण शिकलेल्या गोष्टीला गावात रोजचा उपयोग होता. गावाला ते संगीत हवे होते, त्यासाठी गाव पैसे मोजत होते, आणि चूक झाली तर गावच ती ऐकत होते.

हा आधार सुटताच शाळा ओसरली. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या नोकऱ्यांसाठी इंग्रजी हवी झाली; हडफडे येथे 1887 मध्ये निघालेली सेंट जोसेफ शाळा त्या ओढीची सुरुवातीची खूण. पोर्तुगालमध्ये 1910 साली प्रजासत्ताक आले आणि पुढच्या वर्षी राज्य व चर्च यांची फारकत करणारा कायदा झाला. सरकारी प्राथमिक शाळा वाढल्या, मेस्त्रेचे वर्ग उरले ते बरेचसे केवळ गायनासाठी. आंतोनियो द फिगेरेदो यांनी 1952 मध्ये पणजीत संगीत अकादमी काढली, तेव्हा गावशाळेत सर्वांना मिळणारी गोष्ट आता आवड असलेल्याने शहरात येऊन शिकायची झाली होती.

गोव्यात प्राथमिक शिक्षणाचा वाद आजही माध्यमाभोवतीच फिरतो. 1990 मध्ये सरकारने अनुदान मातृभाषेतल्या शाळांपुरते ठेवले आणि चर्चच्या अनेक प्राथमिक शाळा कोंकणीकडे वळल्या. 2011 मध्ये इंग्रजीलाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि वाद पुन्हा पेटला. माध्यम महत्त्वाचे आहेच. 1684 चा अनुभव असलेल्या समाजाला ते कोणी सांगायला नको. पण चार शतकांचा हा इतिहास आणखी एक प्रश्न विचारायला लावतो, आणि तो या वादात क्वचितच कोणी विचारतो: कोणत्याही भाषेत का होईना, वर्गातले मूल रोज असे काय करते की जे त्याच्या गावाला ऐकायचे, पाहायचे किंवा वापरायचे आहे? मेस्त्रेच्या शाळेत अनेक दोष होते. या प्रश्नाला मात्र तिच्याकडे उत्तर होते, आणि तिने दिलेली विद्या फर्मानांपेक्षा जास्त टिकली ती त्यामुळेच.