स्टोरेज कंट्रोलर बदलल्यावर संगणक सुरू न होणे

हार्ड डिस्क किंवा एसएसडी आणि प्रोसेसर यांच्यातली माहितीची देवाणघेवाण सांभाळणारा भाग म्हणजे स्टोरेज कंट्रोलर. तो बहुधा मदरबोर्डवरच असतो, कधी वेगळ्या कार्डावर असतो. मदरबोर्ड किंवा कार्ड बदलल्यावर, किंवा बायोसमधला साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) बदलल्यावर, डिस्क धडधाकट असूनही संगणक सुरू होता होता अडतो. विंडोजमध्ये निळ्या स्क्रीनवर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे येते. एक्सपी आणि विंडोज ७ मध्ये त्याच बिघाडाचा संकेतांक ७बी असा दिसतो. या बिघाडात डिस्कवरची माहिती जात नाही. माहिती जाते ती पुढे घाईघाईने ‘फॉरमॅट मारल्यामुळे’.

कारण समजले की उपाय आपोआप सुचतो. संगणक सुरू होताना पहिला टप्पा बायोसचा असतो. बायोस स्वतःच्या सोयीने डिस्क वाचतो, म्हणून विंडोजचे बोधचिन्ह व्यवस्थित दिसते आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो. नंतर विंडोजचा गाभा सूत्रे हाती घेतो आणि डिस्क आपल्या ड्रायव्हरने वाचू लागतो. विंडोज बसवताना जो कंट्रोलर होता त्याचाच ड्रायव्हर अगदी आरंभी चालू व्हायचा, अशी नोंद रजिस्ट्रीत असते. बाकीचे ड्रायव्हर डिस्कवर असले तरी बंद ठेवलेले असतात. नवा कंट्रोलर निराळा ड्रायव्हर मागतो, तो त्या क्षणी चालू नसतो, आणि ज्या डिस्कवरून विंडोज उभे राहायचे तीच त्याला दिसेनाशी होते. २००४ मध्ये साटा कंट्रोलर चालवण्याची एएचसीआय ही प्रमाणित पद्धत आली. जुन्या आयडीई पद्धतीकडून तिच्याकडे वळताना हा बिघाड घरोघरी पोहोचला, कारण एक्सपीमध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर मुळातच नव्हता; विंडोज बसवताना एफ६ दाबून तो फ्लॉपीवरून द्यावा लागे.

कोल्हापुरात या प्रश्नाला महापुराची बाजू आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली यांसारख्या भागांत ते शिरले. अशा वेळी खाली राहिलेल्या संगणकाचा मदरबोर्ड जातो, पण वेळेत काढून वरच्या मजल्यावर नेलेली डिस्क वाचते आणि दुसऱ्या संगणकात बसवली जाते. तिथे निळी स्क्रीन आली की ‘डिस्कही गेली’ असा समज होतो. वर्षानुवर्षांची हिशेबाची फाइल नेमकी याच क्षणी पुसली जाते, म्हणून डिस्क आधी दुसऱ्या चालू संगणकाला जादा डिस्क म्हणून जोडून माहितीची प्रत काढावी. जी डिस्क खरोखर बुडाली आहे तिला मात्र वीज देऊ नये. बहुतेक हार्ड डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असते; त्यातून पाणी आत गेले असेल तर फिरवताच पृष्ठभाग खरवडला जातो. ती माहिती-पुनर्प्राप्तीच्या प्रयोगशाळेतच उघडावी.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींसारख्या ठिकाणी, जिथे फौंड्री आणि मशीनशॉप आहेत, प्रश्न वेगळे रूप घेतो. जुन्या सीएनसी यंत्रांचा नियंत्रक संगणक एनटी किंवा एक्सपीवर चालतो. सीमेन्सच्या ८४०डी प्रणालीतला पीसीयू ५० हे त्याचे परिचित उदाहरण. त्यातली आयडीई डिस्क थकली की आता तशी नवी मिळणे कठीण. अशा वेळी साटाचे कार्ड बसवले तर कंट्रोलर बदलतो आणि ७बी येतो. त्याऐवजी आयडीई-साटा अडॅप्टर लावून त्यावर एसएसडी जोडली आणि जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत तिच्यावर उतरवली, तर कंट्रोलर तोच राहतो आणि एक्सपीला फरक जाणवत नाही. कारखान्यासाठी हाच मार्ग शहाणपणाचा. यंत्राचे पॅरामीटर पुन्हा भरण्यात जाणारे दिवस त्याने वाचतात.

मदरबोर्ड जुनाच असेल तर दुरुस्तीआधी एक गोष्ट तपासावी: सीआर२०३२ बॅटरी संपून बायोस मूळ मांडणीवर तर गेला नाही ना? तसे असल्यास साटा मोड आयडीई, एएचसीआय आणि रेड यांपैकी पूर्वीचा निवडताच संगणक सुरू होतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचा प्रोसेसर असलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय असते. ती चालू असेल आणि तिचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून दिला नाही, तर विंडोज बसवताना डिस्कच दिसत नाही.

कंट्रोलर ठरवून बदलायचा असेल, तर नवे कार्ड आधी बसवावे, डिस्क जुन्याच जोडणीवर ठेवून विंडोज सुरू करावे, नव्या कार्डाचा ड्रायव्हर बसू द्यावा आणि मगच डिस्क हलवावी. विंडोज ७ मध्ये आयडीईकडून एएचसीआयकडे जाण्याआधी रजिस्ट्रीतल्या एमएसएएचसीआय नोंदीचे स्टार्ट मूल्य ० करतात. विंडोज ८ पासून याहून सोपे झाले आहे: बीसीडीएडिट या साधनाने सेफ मोड लावायचा, बायोसमधला साटा मोड बदलायचा, सेफ मोडमध्ये एकदा सुरू करायचे आणि मग सेफ मोड काढून टाकायचा. जुना बोर्ड आधीच गेला असेल, तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून डिस्म या साधनाने बंद विंडोजमध्ये ड्रायव्हर घालता येतो.

यूईएफआय संगणकात बूटची नोंद डिस्कवर नव्हे, मदरबोर्डच्या स्मृतीत असते. नव्या बोर्डवर ती नसल्यास बीसीडीबूट या साधनाने पुन्हा करावी लागते. डिस्क कूटबद्ध करणारे बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते, आणि ती आधी कुठेच जपून ठेवलेली नसेल तर डिस्क हातात असूनही उपयोग नाही.

लिनक्समध्ये कारण तेच. इनिटरॅमएफएस या आरंभीच्या लहान फाइलसंचात नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नसतो. लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करून, डिस्कवरच्या यंत्रणेत शिरून, डेबियन-उबुंटूत अपडेट-इनिटरॅमएफएस आणि फेडोरात ड्राकट चालवले की काम होते.

पतसंस्था, बँका आणि संघांच्या सर्व्हरवर बहुधा अनेक डिस्क एका संचात चालवणारे रेड कार्ड असते, आणि तिथे चूक फार महाग पडते. कार्ड जळाल्यास शक्यतो त्याच कंपनीचे, त्याच मालिकेचे कार्ड घ्यावे. डिस्कवर रेडची मांडणी लिहिलेली असते. मेगारेडसारखी कार्डे ती ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ म्हणून ओळखतात. तिथे ‘इम्पोर्ट’ निवडावे. ‘क्लिअर’ निवडल्यास डिस्कवरची मांडणीची नोंद पुसली जाते, आणि नवा संच करून ‘इनिशियलाइझ’ केल्यास खुद्द माहितीच पुसली जाते.