यंत्र आणि राग : १९८२ च्या एका ध्वनिमुद्रिकेचा पुनर्विचार

प्रस्तुत लेखात चरणजित सिंग यांच्या 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' (१९८२) या ध्वनिमुद्रिकेचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातील वादक असलेल्या सिंग यांनी रोलंड कंपनीचा ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र व टीबी-३०३ हे खर्जस्वरांचे यंत्र वापरून भैरवी, यमन, मालकंस आदी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजविले.

त्या काळी या प्रयोगाची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधील एका संस्थेने ती पुनःप्रकाशित केली, तेव्हा शिकागोत १९८७ च्या सुमारास उदयास आलेल्या 'ॲसिड हाऊस' या नृत्यसंगीताचे जनकत्व काहींनी सिंग यांना बहाल केले. हे मत ग्राह्य धरता येत नाही. साम्य म्हणजे परंपरा नव्हे. शिकागोच्या कलावंतांनी ही मुद्रिका ऐकल्याचा पुरावा आढळत नाही. साम्याचे मूळ यंत्रात आहे. टीबी-३०३ ठरावीक स्वरावली अखंड आवर्तित करते आणि स्वरावरून स्वरावर घसरत जाते. ठरावीक स्वरसमूहात रमणाऱ्या, मींडप्रधान रागसंगीताला हे दोन्ही गुण मानवले.

सिंग २०१५ मध्ये निवर्तले. त्यांचे श्रेय 'पहिले' ठरण्यात नसून नव्या यंत्राकडे रागाच्या कानाने पाहण्यात आहे. मात्र हे मूल्य कळण्यास परदेशी पुनःप्रकाशनाची वाट पाहावी लागली. तमाशापंढरी नारायणगावच्या जुन्या ध्वनिफितींवर ती वेळ येऊ नये, यासाठी स्थानिक महाविद्यालयांनीच त्यांचे संकलन हाती घेणे अगत्याचे आहे.