सहाची अडीचकी

आमच्या दादांची शाळा म्हणजे पंतोजीपुढं बसलेली दोन वर्षं. पेपर वाचायला त्यांना कष्ट पडायचे, पण मोंढ्यात अडत्यानं भाव सांगितला की त्यानं कागद घ्यायच्या आत दादांचा हिशेब तयार.

जुन्या शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आता कोणी म्हणेल, अडीचचा पाढा कशाला पाठ करायचा? त्याचं उत्तर बाजारात होतं. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा निजामाच्या परभणीत होता. इथं हाली रुपया चालायचा, तोही सोळा आण्यांचाच. मण चाळीस शेरांचा. शेराचा भाव एक आणा असला तर मणाचे चाळीस आणे, म्हणजे अडीच रुपये. शेर सहा आण्याला असला की सहाची अडीचकी पंधरा. मण पंधरा रुपयाला. झालं! पाठ केलेलं रोज मापाला लागायचं, म्हणून ते समजलेलंही असायचं.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. मागोमाग शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. किलोला जितके पैसे, तितकेच क्विंटलला रुपये. सोपं झालं, चांगलंच झालं. अडीचकीचं काम मात्र सरलं.

पण शाळेतून ती लगेच हटली नाही. मी शाळेत बसलो तवा संध्याकाळच्या परवच्यात ती होतीच. अडखळलं की छडी. सहाची अडीचकी पंधरा! पण कशाचे पंधरा, ते कोणी विचारलं नाही अन् कोणी सांगितलंही नाही. परीक्षेतही नुसतं लिहून दाखवायचं. एकदा ज्वारीच्या कणगीपाशी दादाच म्हणाले, "आरं, ते मणाचे रुपये हायेत."

२०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असं वाचन आलं, तवा आमच्या पारावरही लोक हसले. जोडाक्षरी आकडे लेकरांना जड जातात, असं गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. बोलताना एकक आधी, लिहिताना दशक आधी, लेकरू गडबडणारच. तरी 'एकोणसाठ' जाऊ नये असं वाटतं. साठाला एक उणा, हे त्या शब्दातच बसलेलं आहे. फक्त लेकराला ते फोडून कोणी सांगत नाही.

नातीला 'एक एकर म्हणजे चाळीस गुंठे' तोंडपाठ आहे. औंदा हळद निघाल्यावर मोकळ्या वावरात मी दोरी धरून तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद असा चौकोन आखला. म्हणलं, हा एक गुंठा. ती त्यातून आडवी-उभी चालून आली अन् म्हणाली, "एवढाच? मग आबा, आपलं घर किती गुंठ्याचं?"

दोरी गुंडाळली अन् दोघं घराकडं निघालो.