मात्रा

रामटेकच्या परिसरात रसविद्येचा, म्हणजे पारा व धातूंपासून औषधे सिद्ध करण्याच्या विद्येचा, आचार्य नागार्जुन याच्या नावाने ओळखली जाणारी टेकडी आहे. तिच्याकडे दृष्टी गेली की 'मात्रा' हा शब्द हटकून मनात येतो. 'मा' म्हणजे मोजणे या संस्कृत धातूपासून निघालेला, ग्रीक 'मेट्रोन'चा आणि पर्यायाने आपल्या मीटरचाही सगोत्र असलेला हा शब्द मुळात परिमाणाचा. परंतु मराठीने ते नाव खुद्द औषधालाच बहाल केले, आणि सहाणेवर मधात उगाळून अत्यवस्थ रोग्याच्या जिभेवर अखेरचा उपाय म्हणून बोटाने चाटवण्याची हेमगर्भ या रसौषधाची टणक कांडी मात्रा ठरली. तीही लागू पडली नाही की आप्तांचा धीर खचे. 'मात्रा चालेना' हे बोलणे त्याच अनुभवाचे. ग्रीक 'देणे' या अर्थाचा 'डोस' आज तोंडी रुळला असला, तरी कोविडकाळात वर्तमानपत्रांनी दंडात टोचल्या जाणाऱ्या लशीलाही 'लसमात्रा'च म्हटले.