दांडपट्टा : शस्त्र आणि विद्या

१६६४ व १६७० साली शिवछत्रपतींच्या स्वाऱ्या सुरतेवर झाल्या. म्हणून आमच्या कतारगामात मराठी शस्त्रांची गोष्ट निघाली की ती लुटीपाशीच थांबते. त्या शस्त्रांमागे विद्या होती, हे विसरले जाते.

दांडपट्ट्याचेच पाहू. पाते लांब, सरळ, दुधारी व लवचिक. मूठ कोपराजवळपर्यंत हात झाकणारी, तिच्यात आडवी पकड. मनगट जखडल्यामुळे वार खांद्यातून व कमरेतूनच काढावा लागतो. पाऊल चुकल्यास पाते फिरविणाऱ्यावरच उलटते. म्हणून शिष्य प्रथम पवित्रे गिरवितो, मग पट्टा चोहोंकडे फिरवून अनेकांना एकट्याने दूर ठेवण्यास शिकतो, आणि अखेर जमिनीवरचे लिंबू तोडून हाताचा नेम सिद्ध करतो.

१८७८ च्या शस्त्रकायद्याने शस्त्र परवान्याखाली गेले. विद्या कोल्हापूरसारख्या ठिकाणच्या मर्दानी खेळांत तगली. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला. मान उचितच होय. परंतु घोषणेने शस्त्राची प्रतिष्ठा वाढते, पवित्रा शिकवावा लागतो वस्तादालाच. उत्सवात एखादा मुलगा पट्टा फिरविताना दिसला, तर टाळीबरोबर त्याच्या वस्तादाचीही विचारपूस आपण करावी, एवढेच आमचे मागणे.