व्हिव्हियन स्ट्रिंगर : मेरिट कुणाचं, मैदान कुणाचं?

खेळाच्या मैदानावर जात नसते, तिथे फक्त मेरिट चालतं, असं आपल्याला नेहमी ऐकवलं जातं. आरक्षणविरोधकांचा हा लाडका दाखला. पळवणकर बाळूंचं नाव घेतलं की ही मंडळी गप्प होतात. आज मात्र मी अमेरिकेतलं एक उदाहरण देणार आहे. बाबासाहेबांनी 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि निग्रोंच्या स्थितीतलं साम्य दाखवलं होतं. तेव्हा हा धागा काही नवा नाही.

व्हिव्हियन स्ट्रिंगर यांचा जन्म 1948 चा, पेनसिल्व्हेनियातल्या एडनबॉर्न या खाणवस्तीतला. वडील कोळसा खाणीत कामगार. शाळेत मुलींचे खेळसंघच नव्हते. होतं ते मुलांच्या संघाला प्रोत्साहन देणारं चीअरलीडिंगचं पथक, आणि त्यात फक्त गोऱ्या मुली. व्हिव्हियनला पात्रता असूनही वगळलं. नागरी हक्क संघटना, म्हणजे एनएएसीपी, पाठीशी उभी राहायला तयार होती, पण मुलगीच कचरली. तेव्हा वडिलांनी समजावलं की हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही, तुझ्यामागून येणाऱ्या मुलींचाही आहे. ती लढली आणि पथकात गेली. आपल्याकडच्या किती बापांनी हेच वाक्य शाळेच्या दारात उच्चारलं असेल!

1971 मध्ये त्या चेनी स्टेट कॉलेजात आल्या. 1837 साली सुरू झालेली ही कृष्णवर्णीयांची अमेरिकेतली सर्वांत जुनी उच्च शिक्षणसंस्था. पगार शिकवण्याचा, मुलींच्या संघाचं प्रशिक्षण बिनपगारी. खेळाडूंना द्यायला शिष्यवृत्त्या नाहीत, प्रवासाला पैसे नाहीत. मुलांच्या संघाचे प्रशिक्षक होते जॉन चेनी (संस्थेशी नामसाधर्म्य, एवढंच). दोघे एकाच व्यायामशाळेत एकमेकांकडून शिकत संघ घडवत होते.

1982 मध्ये एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंस्थेने महिला बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा भरवली. त्या पहिल्याच स्पर्धेत चेनी अंतिम सामन्यात पोचलं! लुइझियाना टेककडून 76-62 असे हरले, पण कृष्णवर्णीयांचं दुसरं कोणतंही कॉलेज त्यानंतर तिथवर गेलेलं नाही. त्याच काळात स्ट्रिंगर यांची चौदा महिन्यांची मुलगी मेंदूज्वराने कायमची अपंग झाली होती. रुग्णालयातून मैदानात, मैदानातून रुग्णालयात, असे ते दिवस.

आता मुद्द्याचं. दुसरं कॉलेज तिथवर का गेलं नाही? कृष्णवर्णीय मुली खेळायच्या थांबल्या म्हणून? छे! 1972 च्या टायटल नाइन या कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी केली. हळूहळू महिला क्रीडेत पैसा आला. पण तो आला गोऱ्यांच्या बड्या विद्यापीठांत, आणि खेळाडूही तिकडेच गेले. खुद्द स्ट्रिंगर 1983 मध्ये आयोवाला गेल्या. त्यांना दोष कसा देणार? मुलीच्या उपचारांचा प्रश्न होताच. पण समान संधीचा कायदा आला आणि आपली संस्था मात्र मागे पडली, हा हिशोब आपल्या चळवळीनेही मांडायला हवा. हुशार पोरं बाहेर गेली की वसतिगृहाचं आणि वाचनालयाचं काय होतं, ते आपण पाहतोच.

दुसरी गोष्ट आणखी बोचरी. कायदा आला तेव्हा महिला संघांच्या दहापैकी नऊहून अधिक प्रशिक्षक स्त्रियाच होत्या. पदाला पैसा आणि प्रतिष्ठा मिळताच पुरुष आले, आणि स्त्रियांचं प्रमाण निम्म्याखाली गेलं. मैदानात खेळाडू आपले आणि निर्णयाच्या खुर्चीवर दुसरेच, याला प्रतिनिधित्व म्हणत नाहीत.

आयोवाला त्यांनी 1993 मध्ये अंतिम चारांत नेलं, पती हृदयविकाराने गेल्यानंतर काही महिन्यांतच. 1995 मध्ये त्या न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात आल्या. 2000 आणि 2007 मध्ये तो संघही अंतिम चारांत. तीन वेगवेगळ्या संस्थांना तिथवर नेणाऱ्या त्या पहिल्या प्रशिक्षक ठरल्या. 2007 चा अंतिम सामना टेनेसीकडून हरले, आणि दुसऱ्याच दिवशी डॉन आयमस या रेडिओ निवेदकाने संघातल्या मुलींच्या रंगावर आणि केसांवर गलिच्छ शेरा मारला. राष्ट्रीय अंतिम सामना खेळलेल्या मुली, तरी त्यांची ओळख काय, तर रंग! स्ट्रिंगर यांनी मुलींना शेजारी बसवून पत्रकार परिषद घेतली आणि एकेकीचं कर्तृत्व जगापुढे ठेवलं. आठवडाभरात आयमसचा कार्यक्रम बंद झाला. 'विनोद होता, सोडून द्या' म्हणणारे तिथेही होतेच.

2018 मध्ये त्यांचा हजारावा विजय झाला. 2022 मध्ये 1,055 विजयांवर त्या निवृत्त झाल्या. राष्ट्रीय विजेतेपद मात्र कधीच मिळालं नाही. ते मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षक ठरली पर्ड्यू विद्यापीठाची कॅरोलिन पेक, 1999 मध्ये. दुसरी डॉन स्टेली, त्यासाठी 2017 उजाडावं लागलं. पेकने आपल्या विजयाच्या जाळीचा एक तुकडा स्टेलीला दिला होता. पुढे स्टेलीने स्वतःच्या जाळीचे तुकडे करून पहिल्या श्रेणीतल्या कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षकांना टपालाने पाठवले.